कोरड्या होडीचा मान

एका खाडीकाठच्या गावात एक होडीवाला आणि एक होडीवाली राहत होते. दोघांच्याही होड्या लहानशा, एका शिडाच्या.

गावाची 'तर' होडीवालीकडे होती. तर म्हणजे माणसांना खाडीपार पोचवायचं काम. बापामागे ते तिच्याकडे आलं होतं आणि त्यावरच तिची नि तिच्या म्हाताऱ्या आईची चूल पेटत होती. दर नारळी पौर्णिमेला गावचे पाटील मानाचा नारळ द्यायचे. नारळ ज्याच्या हाती, वर्षभर तरीचं काम त्याचं.

पावसाळ्यात फेरी संपली की होडीवाली शिडाचा लांब वासा डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत उंचावर बांधायची. त्यावर तेल पाजलेलं जुनं शीड टाकायची. घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतार द्यायची आणि कडा होडीबाहेर ताणून बांधायची. पाऊस पडायचा, घरंगळायचा, खाडीत जायचा. होडी आतून कोरडी. मग ती निवांत घरी बसून जाळं विणायची.

होडीवाल्याची तऱ्हा वेगळी. तोही जुनं शीड टाकायचा, पण चादर अंथरावी तसं, सपाट. त्यावर पाणी साचायचं, कापडाला झोळ पडायचा आणि वाऱ्याचा एक झोत आला की सगळं पाणी भसकन होडीत! मग हा गडी धोतर खोचून धावत सुटायचा. "होडी बुडाली रे! व्हा बाजूला!" गुडघाभर पाण्यात उभा राहून तो डब्याने उपसत बसायचा.

आणि गाव काय करायचं? काठावर उभं राहून बघायचं!

"काय कष्ट करतो बिचारा!"

"नाहीतर ती बघा. घरात पाय पसरून बसलीय."

आता यात कौतुक कसलं, सांगा बरं! होडी याची, ढिसाळपणा याचा, पाणी साचू दिलं यानंच. आणि शाबासकीही यालाच?

होडीवालीने त्याला सगळ्यांसमोर सांगून पाहिलं. "दादा, मधे वासा बांधा. कापडाला उतार दिलात तर उपसायची वेळच येणार नाही."

"मग दिवसभर करू काय? तुझ्यासारख्या माशा मारू?" तो म्हणाला. सगळे खो खो हसले. हसणाऱ्यांत पाटीलही होते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला पाटलांनी मानाचा नारळ होडीवाल्याला दिला. "कष्टाला मान मिळालाच पाहिजे," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

होडीवाली पुढे आली. "पाटील, आधी दोन्ही होड्यांत वाकून तरी बघा."

"बघायचं काय त्यात? तुला कधी घाम गाळताना पाहिलं नाही."

वा रे न्याय! बाईच्या होडीत पाणी नव्हतं, हाच तिचा गुन्हा. ती घरी गेली. त्या दिवसापासून मायलेकी दिवसातून एकच वेळ जेवू लागल्या. पण होडीवर उतार देऊन शीड बांधणं तिने काही सोडलं नाही.

भाद्रपद लागला. पाटलांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी धो धो पावसात तिला कळा सुरू झाल्या आणि पोटातलं बाळ आडवं आलं. त्यातली जाणती सुईण खाडीपलीकडे. पाटलांनी लेकीला खाटेवर घालून काठावर आणलं. बघतात तो होडीवाल्याची होडी पाण्याने काठोकाठ भरलेली!

"आत्ता उपसतो पाटील, हा आत्ता!" होडीवाल्याने डबा उचलला. सवयीने दोघातिघांच्या तोंडून निघालं, "शाबास!"

"शाबास काय मेल्यांनो!" पाटील कडाडले. "माझी पोर इकडे तडफडतेय!"

तेवढ्यात होडीवाली धावत आली. कुणी बोलावलं नव्हतं तिला. तिने झरझर दोऱ्या सोडल्या, वासा वर चढवला, शीड फडकवलं. "उचला तिला. आत कोरडं आहे," ती म्हणाली. उतरवलेलं जुनं शीड तिने पोरीच्या अंगावर घातलं आणि होडी पाण्यात लोटली. डबा मात्र अजून खणखणतच होता.

सुईण वेळेवर मिळाली. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप सुटली.

दुसऱ्या दिवशी पाटील नारळ घेऊन होडीवालीच्या दारात आले. "पोरी, चुकलो. हा मान तुझाच." तिने नारळ घेतला. का नाही घेणार? होताच तिचा.

पाटील घुटमळले. "पण इतकं साधं होतं, तर तू तेव्हाच का नाही बोललीस?"

होडीवालीचे डोळे रागाने भरून आले. "बोलले होते, पाटील. तुम्ही हसत होता."

पुढच्या नारळी पौर्णिमेपासून नारळ देण्याआधी पाटील होडीत उतरून तळाच्या फळीला हात लावून बघू लागले.

तात्पर्य: पाणी उपसणाऱ्याला शाबासकी जरूर द्यावी, पण आधी विचारावं, ते साचू कुणी दिलं?