विहिरीत पडायची पाळी

फार वर्षांपूर्वी बाहुल्यांच्या एका पेटीत शूरसेन नावाचा लाकडी राजा आणि गोंडू नावाचं चिंध्यांचं गाढव राहत. प्रत्येक खेळात गोंडू विहिरीत पडायचा आणि राजा त्याला वाचवायचा. शंभरावा खेळ येईतो मुलं राजाला पाहून जांभया देऊ लागली आणि “गाढव कुठंय?” म्हणून ओरडू लागली.

“उद्यापासून तू पेटीतच बस,” राजा फणफणला.

गोंडू हिरमुसला. “पण महाराज, मग विहिरीत पडणार कोण?”

“मी!”

दुसऱ्या दिवशी राजा ऐटीत पडला. मुलं खदखदून हसली. पण त्याला वर काढणार कोण?

“गोंडू, अरे गाढवा, धाव!”

गोंडूनं पेटीतून उडी मारली आणि विहिरीत शेपूट सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

वर येताच वाकडा मुकुट सावरत राजा कुजबुजला, “उद्या तू पड. परवा मात्र पुन्हा माझी पाळी हं!”