सुलतानने निवडलेली जागा

पुण्याहून तासाभरावर, धरणाच्या काठी यमुनाबाई शेडगे तंबू भाड्याने देत. तिथे कुत्र्यांनाही मुक्कामाला आणता येई. एका संध्याकाळी बिल्डर रणदिवेसाहेब आपला परदेशी कुत्रा घेऊन आले. पाण्याकाठच्या तंबूपुढे निवृत्त एसटी ड्रायव्हर भिकाजी आपल्या म्हाताऱ्या, आंधळ्या गावठी कुत्रीला, चिमीला घेऊन बसले होते.

"माझा तंबू इथे लावा, हे भटकं जनावर मागे हलवा," साहेब यमुनाबाईंवर गरजले. "माझा सुलतान जातिवंत आहे. असल्यांच्या जवळ तो बसत नाही."

भिकाजी सामान आवरू लागले.

"थांबा काका," यमुनाबाई म्हणाल्या. "साहेब, बसायचंय सुलतानला, तर त्यालाच विचारू. साखळी सोडा. तो दूर गेला, तर काकांना मी स्वतः हलवते."

साहेबांनी हसत साखळी सोडली. सुलतान सरळ चिमीकडे गेला, तिचे मिटलेले डोळे त्याने हलकेच चाटले आणि तिला टेकून बसला.

"जातिवंताला कळलं, साहेब," यमुनाबाई हळूच म्हणाल्या. "आता तुमचा तंबू कुठे लावू?"

साहेबांनी साखळी गुंडाळून खिशात ठेवली. मग खाली वाकून भिकाजींना म्हणाले, "काका, मी इथे बसू का?"