क्वचित वापरलेले जाते

गावात साप्ताहिक नुकते येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. बायको वारल्यावर विसाजीने त्यात जाहिरात दिली, ‘जाते विकणे आहे. क्वचित वापरलेले.’ नवे दिसावे म्हणून पाथरवटाकडून त्याच्या दगडाला टाकीही लावून घेतली. खुंटा मात्र जुनाच राहिला.

जाते सुपाजवळ संतापून म्हणाले, “क्वचित? मग रोज पहाटे दळत होती ती कोण? आता मी फिरतच नाही!”

“गप बस. त्याला गिऱ्हाईक हवंय,” सूप म्हणाले.

भागूबाई जाते बघायला आली. तिने खुंटा धरताच बोटे खोल खाचांत बसली, पण जाते हलेना.

“क्वचित वापरलेलं म्हणे! मग दादा, हे लाकूड काय उंदरांनी झिजवलं?”

विसाजीची मान खाली गेली. “आमच्या हिनं. सगळा जन्म,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे जाते फिरले.