नासलेलं दूध आणि सुनेचा पायगुण

एक होता राजा. राज्य मोठं, पण राजाचा सगळा जीव खाण्यात. चुळबुळ करू नका रे, आधी पांघरूण ओढा. तर या राजाच्या मुलाचं लग्न झालं नि घरात सून आली, कमळजा. गुणाची पोर, पण बोलायला फटकळ, बरं का.

मग काय झालं? ती आल्यापासून राजवाड्यातलं दूध नासायला लागलं. रात्री तापवून झाकून ठेवलेलं दूध सकाळी चुलीवर चढवलं की फाटलंच. राजाची खीर बुडाली. सासूबाई, म्हणजे थोरल्या राणीसाहेब, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सुनेचा पायगुण, दुसरं काय. पाठवा हिला माहेरी."

कमळजाला जायचं नव्हतं. नवरा मायाळू होता, घर आवडायला लागलं होतं. आणि परत गेली असती तर लोक तिला काय काय बोलले असते, ते तुम्हाला आत्ता कळायचं नाही. पण ती रडत बसली नाही. म्हणाली, "सासूबाई, माझ्या पायाने नासतंय ना? मग पायाचीच परीक्षा घेऊ. पायच वाईट निघाला तर मी आपणहून जाते."

मग तिने एकाच गाईचं दूध दोन पातेल्यांत घेतलं. एक ठेवलं मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात. दुसरं आपल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, अगदी तळपायांजवळ. सकाळी दोन्ही तापवली. पायाशी ठेवलेलं छान राहिलं नि मुदपाकखान्यातलं फाटलं.

सासूबाई ऐकतील तर ना. म्हणाल्या, "पातेलंच खराब असेल ते." मग कमळजाने पातेल्यांची अदलाबदल केली. बाकी काही म्हणजे काही हलवलं नाही. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळणार कसं? पुन्हा मुदपाकखान्यातलंच फाटलं.

मग तिसऱ्या वेळी कमळजाने मुदपाकखान्यालाच कुलूप घातलं नि किल्ली खोचली सासूबाईंच्या कमरेला. पहाटे दोघी जाऊन बघतात तर काय, दाराशी राजा! एका हाताने कुलूप ओढतोय, दुसऱ्या हाताची बोटं लोणच्याने माखलेली. अगं बाई! वैद्याने त्याची साय बंद केली होती ना. म्हणून लबाड रोज पहाटे यायचा. आपल्या पलंगाखाली दडवलेल्या बरणीतली लिंबाची फोड चोखत चोखत यायचा, नि तीच बोटं दुधात बुडवून साय खायचा.

बरणी होती कमळजाच्या रुखवतातली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघ, म्हणजे आलं तुझ्याबरोबरच!"

"आलं ते लोणचं," कमळजा म्हणाली. "आणि त्यानेच नासतंय का, तेही बघायचंय अजून." मग तिने दुधाच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत लोणच्याचा खार घातला, दुसरीत नाही. दोन्ही तापवल्या. खाराचं दूध फाटलं, दुसरं जसंच्या तसं. राजा खाली मान घालून बोटं पुसत बसला.

सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "पोरी, चुकलं माझं. काही न बघताच तुला घालवायला निघाले होते मी." तेव्हा कुठे कमळजा रडली. इतके दिवस धरून ठेवलं होतं बिचारीने. सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं नि स्वतःच्या हाताने खीर भरवली.

मग वैद्यबुवांना विचारून राजालाही थोडी साय मिळायला लागली, वाटीत आणि चमच्याने. सगळे सुखाने नांदले. मिटा डोळे आता. आणि काय रे, हसताय काय? सकाळी माझ्या दुधाच्या पातेल्यात लोणचं घालून बघाल तर पाठीत धपाटा मिळेल. बघायचंच असेल तर मला सांगा, मी वाटीत काढून देईन.