दुर्पदाची राजावर फिर्याद

मोरवेळ बंदराच्या उदयभान राजाला एकच ध्यास लागला होता. कुणा परदेशी शेठने येऊन गलबतांच्या विम्याची पेढी आपल्या बंदरात उघडावी! विमा गावचे शेठही देत, पण त्यांची स्वतःची गलबतं त्याच समुद्रात असत. वादळ आलं की भरपाई देणाराच आधी बुडालेला! बाहेरचा पैसा हवाच होता.

बंदर मालाने ओसंडत होतं, त्यामुळे परदेशी शेठ येतही. राजा त्यांना हत्तीवरून मिरवी, आंबे खिलवी, पेढीसाठी जागा फुकट देऊ करी. ते हसून मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी निघून जात.

त्यांना गलबतापर्यंत सोडायला दुर्पदा नावाडणीची होडी असे. राजाने राग तिच्यावरच काढला. "मस्कतचा युसूफ शेठ उद्या निघतोय. खजिन्यातली दमडी न देता त्याला थांबव, नाहीतर तुझी होडी जप्त!"

दुर्पदाने वल्हवता वल्हवता शेठांचं बोलणं ऐकलं होतं. बुद्धिबळात हरल्यावर राजाने जकात दुप्पट केली होती. एका व्यापाऱ्याचं निळं शीड आवडलं नाही म्हणून त्याच्या बाजूने लागलेला निवाडा फिरवला होता. प्रत्येक शेठ हीच धास्ती घेऊन परतत होता.

सकाळी युसूफ शेठ सामान घेऊन होडीत चढला. दुर्पदा म्हणाली, जरा थांबावं लागेल, दरबारात फिर्याद द्यायचीय, खुद्द राजावर. अशी गंमत सोडून कोण जाणार? शेठ तिच्या मागोमाग निघाला.

मागे एकदा राजनौकेने धडक देऊन दुर्पदाच्या होडीच्या काठाची फळी फोडली होती. तिच्या बदल्यात राजनौकेचीच फळी मिळावी, असं तिने मागितलं. न्यायाधीशांची पगडी लटपटू लागली. राजा लालबुंद झाला.

"तुला शेठ थांबवायला सांगितलं, तू खटला घेऊन आलीस?"

दुर्पदा जवळ जाऊन हळूच म्हणाली, "शेठ दाराशी उभा आहे, महाराज. त्याला हत्ती नको, जागा नको. उद्या तुमच्याशीच वाद झाला आणि बाजू त्याची खरी असली, तर इथे कोण जिंकतं, एवढंच त्याला बघायचंय."

राजाने दाराकडे पाहिलं. मग न्यायाधीशांना बजावलं, माझ्या तोंडाकडे बघू नका, साक्षीदारांकडे बघा. साक्षीला धक्क्यावरचे झाडून सगळे आले होते. राजा हरला! सुतार नौकेचा एकेक खिळा उपसत होता आणि राजा स्वतःचा दात उपटल्यासारखा कळवळत होता.

दुपारी युसूफ शेठने सामान होडीतून उतरवलं आणि धक्क्याजवळ कुठलं दुकान रिकामं आहे, याची चौकशी सुरू केली.

राजाने दुर्पदाला बोलावून विचारलं, "आणि मी हरायला तयार झालो नसतो तर?"

"तर होडी जप्त व्हायच्या आत शेठला घेऊन पुढच्या बंदरात गेले असते. तिथल्या राजालाही पेढी हवीच आहे, महाराज!"

राजा पोट धरधरून हसला. तिची होडी कधीच जप्त होणार नाही असा हुकूम काढला आणि वर म्हणाला, "ती उरलेली राजनौकाही घेऊन जा बाई, नाहीतर पुढच्या फिर्यादीत तीही जिंकशील!"