म्हाळसाबाई शीव चालतात

केवळनाथ महाराज आंबोळे गावी देवळात उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. गावच्या देशमुखीणबाई म्हाळसाबाई त्यांच्या भोळ्या भक्त. नवरा लढाईत पडलेला, पदरात लहान लेक. धाकटा दीर हैबतराव याने शिवेचे दगड उपटून, जागा नांगरून त्यांची काळी जमीन घशात घातली होती.

पंचांनी जुन्या रिवाजाने निवाडा दिला: बाईंनी डोक्यावर शेतातली माती घेऊन शीव चालावी. चालतील ती शीव. खोटी निघाली तर सगळी जमीन दिराची. आता आली का पंचाईत! बाईंचा जन्म पडद्याआड गेलेला. आपली शेते कोणत्या दिशेला, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

"चाला वहिनीसाहेब," हैबतराव मिशीत हसला. "तुमचा तो गोसावी दाखवील की वाट!"

बाई रडत देवळात गेल्या. महाराज म्हणाले, "माय, शीव मला तरी कुठं ठाऊक? नाव घे अन् चाल." हे काय उत्तर झाले? बाई आणखीच गोंधळल्या.

सकाळी ओलेत्याने, डोक्यावर माती घेऊन त्या निघाल्या. पाहतात तो काय, पुढे महाराजच चालले आहेत! बाई मागोमाग गेल्या. पण बाईंच्या ओळखीची एकच जागा, घरची आमराई, आली तेव्हा महाराज तिच्या अलीकडूनच वळले.

"महाराज, आमराई आमची हो!"

महाराज थांबेनात. बाईंना काही सुचेना. लेकीच्या तोंडचा घास असा सोडायचा? की गुरूला सोडायचे? डोळे पुसत त्या वळल्या. लोक हसले. शेवटच्या बांधावर पाहिले, तर महाराज कुठेच नव्हते!

शिवेच्या दगडाखाली पूर्वी खूण म्हणून खोल कोळसा पुरीत; दगड उपटला तरी तो जागीच राही. बाई जिथे जिथे वळल्या तिथे पंचांनी खणले, आणि प्रत्येक ठिकाणी कोळसा निघाला. काळी जमीन बाईंची ठरली. आमराई मात्र खरोखरच हैबतरावाच्या वाट्याची निघाली. थोरल्या भावाच्या घराकडे तिची वहिवाट चुकून चालत आली होती.

हैबतरावाचा चेहरा उतरला. महाराजच पुढे चालून वाट दाखवीत होते, असे बाई म्हणाल्या, तसा तो धावत देवळात गेला, मागून बाईही आल्या. पुजारी म्हणाला, "महाराज पहाटेपासून इथून हललेले नाहीत."

"मग माझ्यापुढं कोण चाललं?" बाईंनी विचारले.

"ते तुलाच ठाऊक, माय," महाराज हसले.

हैबतराव त्यांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. तू हिचं लुटलंस अन् हिनं तुझं तुला दिलं. तिथं वाक."

म्हाळसाबाईंना अजून काहीच उमगत नव्हते. केसांत माती तशीच होती. आणि ज्या दिराने त्यांना कधी धड नमस्कार केला नव्हता, तो त्यांच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडत होता.