पंचेचाळीस दिवसांच्या माश्या

"पण डोळे पांढरे झाले म्हणून माशीचं बिघडतं काय, बाई?"

अनघाने हे तिसऱ्यांदा विचारलं. पोरगी हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला अंमळ जास्तच ठाऊक. पिकल्या केळ्यावर चिलटं बसतात ना, तसल्या माश्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं पाळून तिने प्रबंध लिहिला होता. जनुकात एक बदल झाला, लाल डोळे पांढरे झाले. बाकी माशी निरोगी. सगळा डोलारा या एका वाक्यावर. सोमवारी प्रबंध द्यायचा, आणि तिच्या मार्गदर्शक शेवडेबाई सही करीनात.

"निरोगी कशावरून?" बाईंनी विचारलं.

"बाटलीला टिचकी मारली की माश्या खाली पडतात, परत वर चढतात. लाल काय, पांढऱ्या काय, सारख्याच चढल्या. शंभरदा पाहिलंय."

"किती दिवसांच्या?"

"दहा."

"आणि पुढे?"

"पुढे स्पिरिटमध्ये ओतायच्या. सगळेच ओततात. अंडी घालून झाल्यावर म्हाताऱ्यांचं काय काम?"

बोलून गेली खरी, आणि बाईंच्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहून जीभ चावली.

बाई गालात हसल्या. "माझं आहे अजून थोडं."

उठून त्यांनी खिडकीतल्या दोन बाटल्या आणल्या.

"तुझ्याच आहेत. तू ओतायच्या आधी मूठभर काढून ठेवल्या होत्या. तीन दिवसांआड मक्याचं खाणं बदलते. आज पंचेचाळीस दिवसांच्या झाल्या. मार टिचकी."

अनघाने मारली.

लाल डोळ्यांच्या चढल्या. दमत, थांबत, पण चढल्या.

पांढऱ्या डोळ्यांच्या... बोटभर चढल्या आणि उताण्या पडल्या. एक तेवढी पाय झाडत उठली. चढली. पडली. पुन्हा उठली.

दुसऱ्या टिचकीसाठी उचललेलं अनघाचं बोट तसंच राहिलं.

बाईंनी ती बाटली अलगद हातात घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. आता चढायला काही उरलं नाही. माशी हळूहळू काचेवरून चालू लागली...



मग अनघाने प्रबंध पुढे ओढला आणि 'निरोगी' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला. सोमवार गेला, हे तिला कळलं होतं.

"मग इथे काय लिहू, बाई?"

बाईंनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"आज काही लिहू नकोस. बस त्यांच्यापाशी."